सुफ्यान स्टीव्हन्सच्या रेकॉर्ड्स कशा जमवायच्या: काय घ्यावं, कसं ओळखावं, कसं जपावं

सुफ्यान स्टीव्हन्स या एका माणसात दोन गायक नांदतात. एक बँजो आणि गिटार घेऊन अगदी कानाशी येऊन कुजबुजतो. दुसरा सिंथेसायझर, ड्रम मशीन, ऑटोट्यून असं सगळं घेऊन भिंती हलवतो. मोबाईलवर ऐकताना या दोघांत फारसा भेद करावा लागत नाही. रेकॉर्ड विकत घेताना मात्र तो करावाच लागतो, कारण तबकडीवर हळू आवाजाचं लोकसंगीत आणि जाड बासचं इलेक्ट्रॉनिक संगीत यांच्या अडचणी वेगळ्या असतात. पहिल्याला धुळीचा कण सहन होत नाही, दुसऱ्याला जागा कमी पडते.

म्हणून हा लेख रंगीत तबकड्यांची यादी देत नाही. कोणता अल्बम कोणत्या रूपात घ्यावा, खरी पहिली आवृत्ती कशी ओळखावी आणि आपल्याकडच्या हवेत ती कशी टिकवावी, हे क्रमाने सांगायचा प्रयत्न आहे. आतापर्यंत एकही रेकॉर्ड घेतली नसेल तरी हरकत नाही, सुरुवातीपासून चालूया.

पहिली पायरी: आधी सगळं ऐकून आपली यादी करा

सुफ्यानचा जन्म १९७५ चा, डेट्रॉइटचा. सावत्र वडील लोवेल ब्रॅम्स यांच्यासोबत त्याने १९९९ मध्ये ‘अस्थमॅटिक किटी’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्याचं बहुतेक काम तिथूनच आलं. जमवणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मोठ्या कंपन्यांच्या कलाकारांसारखं देशोदेशीच्या वेगवेगळ्या लेबलांचं जंगल इथे फारसं नाही.

कामाचा पसारा मात्र मोठा. २००० चा ‘अ सन केम’ लोकसंगीताच्या अंगाचा. लगेच २००१ मध्ये ‘एन्जॉय युवर रॅबिट’, चिनी राशिचक्रावरचा पूर्ण इलेक्ट्रॉनिक, शब्दांविना अल्बम. त्याने इलेक्ट्रॉनिककडे उशिरा उडी मारली असं अनेकांना वाटतं, पण ते अंग दुसऱ्याच अल्बमपासून आहे. २००३ मध्ये ‘मिशिगन’, २००४ मध्ये ‘सेव्हन स्वान्स’, २००५ मध्ये ‘इलिनॉय’. अमेरिकेच्या पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम करणार, अशी घोषणा तेव्हा झाली होती. पुढे ती प्रसिद्धीची युक्ती होती, हे त्याने स्वतःच सांगितलं. राज्यं दोनच झाली. मग २०१० चा ‘द एज ऑफ ॲड्झ’, २०१५ चा ‘कॅरी अँड लोवेल’, २०२० चा ‘दी असेन्शन’, २०२१ चा पाच भागांचा ‘कन्व्होकेशन्स’ आणि २०२३ चा ‘जॅव्हलिन’.

हे सगळं घ्यायचं नाही. वहीत दोन रकाने करा: एकात पुन्हा पुन्हा लावाल असे अल्बम, दुसऱ्यात एकदा ऐकून समाधान झालं असे. खरेदी पहिल्या रकान्यातूनच करायची. ‘कन्व्होकेशन्स’ हे याचं चांगलं उदाहरण. ‘दी असेन्शन’ बाहेर पडला आणि दोनच दिवसांनी सुफ्यानचे जन्मदाते वडील गेले. त्या दुःखातून आलेलं हे अडीच तासांचं, ४९ तुकड्यांचं वाद्यसंगीत पाच एलपींच्या, म्हणजे मोठ्या बारा इंची तबकड्यांच्या, संचात आहे. संच देखणा आहे, महागही आहे. पण अडीच तासांचं संथ इलेक्ट्रॉनिक संगीत दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून बाजू बदलत ऐकणं सगळ्यांना जमेल असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: हा संच पहिल्या पाच खरेद्यांत नको.

इतरांसोबत केलेलं काम वेगळ्या नावांखाली शोधावं लागतं. ब्राइस डेसनर, निको म्युली आणि जेम्स मॅकॅलिस्टर यांच्यासोबतचा २०१७ चा ‘प्लॅनेटेरियम’ ४एडी या लेबलवर आहे. ‘कॉल मी बाय युवर नेम’ या चित्रपटासाठी त्याने दिलेली गाणी त्या चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये सापडतात. त्या साउंडट्रॅकची पीचच्या वासाची रेकॉर्डसुद्धा निघाली होती. वासासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. साधी प्रत तेवढीच चांगली वाजते.

दुसरी पायरी: प्लेअरवर आधी खर्च करा

सुटकेसमध्ये येणारे, स्वतःचेच छोटे स्पीकर असलेले प्लेअर दिसायला गोड असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या हालचालीचं विजेत रूपांतर करणारा भाग) असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास जातो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. जास्त भार म्हणजे खाचांची जास्त झीज. त्यातून ‘कॅरी अँड लोवेल’सारखा अल्बम, ज्यात एक आवाज, एक गिटार आणि भोवती शांतताच असते, तो अशा प्लेअरवर लावला तर गाण्याइतकीच प्लेअरची घरघर ऐकू येईल.

सुरुवातीसाठी ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्ससारखा, सुईचा भार आणि अँटी-स्केटिंग (सुईला आत ओढणाऱ्या जोराला आवर घालणारी सोय) हाताने जुळवता येणारा प्लेअर घ्यावा. त्यावर व्हीएम९५ई कार्ट्रिज येतं, त्याचा भार दोन ग्रॅमवर ठेवायचा. या मालिकेचा मोठा फायदा असा की पुढे फक्त सुई बदलून वरच्या दर्जाची लावता येते, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागत नाही. बजेट कमी असेल तर एलपी६०एक्स चालेल. त्यात भार कारखान्यातच ठरलेला असतो, जुळवायचं काही नसतं.

बहुतेक ॲम्प्लिफायरना फोनो प्रीअँप लागतो. कारण असं की रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केला जातो आणि वरचे सूर वाढवले जातात. याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. वाजवताना प्रीअँप तेच उलटं करून मूळ आवाज परत देतो. वर सांगितलेल्या दोन्ही प्लेअरमध्ये प्रीअँप आतच आहे. मागच्या बाजूला एक बटण असतं, ते ‘लाइन’वर ठेवायचं. आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा येत असेल, तर बहुधा हे बटण चुकीच्या जागी आहे.

घरात आजोबांच्या काळातल्या ७८ च्या रेकॉर्ड्स असतील, नाट्यसंगीताच्या किंवा भजनांच्या, तर त्या या सुईने वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, तिला वेगळी, जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर जास्त ऐकू येते.

तिसरी पायरी: प्रत्येक बाजूची मिनिटं मोजा

खरं तर हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच लोक सोडून देतात.

३३⅓ गतीच्या बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर अठरा ते बावीस मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त बसवायची तर खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात. त्यासाठी आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते, बास आवरावा लागतो. बासमुळे खाच सर्वांत जास्त डुलते, म्हणून सर्वांत जास्त जागाही तोच खातो.

आता सुफ्यानचे अल्बम या मापाने तपासून पाहा. ‘कॅरी अँड लोवेल’ साधारण ४४ मिनिटांचा, एका तबकडीत, म्हणजे बाजूला बावीस मिनिटं. कागदावर हे काठावरचं वाटतं. पण त्यात बास जवळजवळ नाही आणि गाणी हळू आवाजाची, त्यामुळे ते छान बसतं. ‘इलिनॉय’ ७४ मिनिटांचा, दोन तबकड्यांत, बाजूला सरासरी साडेअठरा मिनिटं, आरामात. ‘दी असेन्शन’ ८० मिनिटांचा, दोन तबकड्या, बाजूला सरासरी वीस मिनिटं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक बास आणि तालाचा भरणा. इथे प्लेअर आणि सुई नीट लागते, आणि आवाज स्ट्रीमिंगपेक्षा थोडा वाढवून ऐकावा लागला तर तो दोष नव्हे.

‘द एज ऑफ ॲड्झ’ची गंमत वेगळी. ७५ मिनिटांच्या या अल्बमचं शेवटचं गाणं ‘इम्पॉसिबल सोल’ एकटंच २५ मिनिटांहून लांब आहे. म्हणजे ज्या बाजूवर हे गाणं आहे ती बाजू आरामाच्या मर्यादेच्या पलीकडे ताणलेली असणारच. त्यात कोरस आहे, ऑटोट्यून आहे, नाचायला लावणारा ताल आहे आणि शेवटी पुन्हा साधी गिटार. ती गिटार येते तेव्हा सुई मधल्या लेबलाजवळ पोचलेली असते, आणि तिथली परिस्थिती सगळ्यात कठीण असते.

ती कठीण का, हे समजून घेण्यासारखं आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आतल्या बाजूला, लेबलापाशी, सुमारे २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘च’ असे वर्ण आतल्या भागात फाटल्यासारखे येऊ शकतात. सुफ्यान माइकच्या अगदी जवळ, दबक्या आवाजात गातो आणि बऱ्याचदा स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा दुसरा थर चढवतो, त्यामुळे हे फाटणं त्याच्या रेकॉर्ड्सवर चटकन कळतं.

याची परीक्षा घ्यायला दोन जागा सांगतो. पहिली, ‘कॅरी अँड लोवेल’च्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘ब्लू बकेट ऑफ गोल्ड’. त्यातले सकार स्वच्छ आले तर तुमचं कार्ट्रिज नीट बसलं आहे असं समजा. फाटत असतील तर रेकॉर्ड परत पाठवण्याआधी सुई साफ करा, भार पाहा, कार्ट्रिजची दिशा प्रोट्रॅक्टरच्या (कोन जुळवण्यासाठी रेषा छापलेल्या) कागदावर तपासा. बऱ्याचदा दोष प्लेअरचा निघतो. दुसरी जागा, ‘द एज ऑफ ॲड्झ’ची सुरुवात. ‘फ्युटाइल डिव्हायसेस’ दोनच मिनिटांचं, मऊ गिटारचं गाणं, आणि लगेच ‘टू मच’ त्याच्या इलेक्ट्रॉनिक बुडबुड्यांसह अंगावर येतं. हा बदल ऐकताना गिटारच्या वेळी मागे करकर नको आणि बासच्या वेळी धूसरपणा नको. दोन्ही परीक्षांत पास झालेला प्लेअर सुफ्यानच्या कुठल्याही रेकॉर्डला पुरेल.

‘ॲनालॉग आवाजाची ऊब’ हा मुद्दा या कलाकाराच्या बाबतीत फार ताणू नये, असंही मला वाटतं. ‘कॅरी अँड लोवेल’चा काही भाग ओरेगनमधल्या क्लॅमथ फॉल्स इथल्या हॉटेलच्या खोलीत आयफोनवर ध्वनिमुद्रित झालेला आहे. मूळच डिजिटल आहे. रेकॉर्डवर तो अल्बम ऐकण्याचं सुख त्याच्या क्रमात आहे, मध्ये उठून बाजू बदलण्यात आहे, आईच्या मृत्यूवरची गाणी एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून ऐकण्यात आहे. तेवढं कारण पुरेसं आहे.

चौथी पायरी: ‘इलिनॉय’ घेताना फुगे तपासा

सुफ्यानच्या रेकॉर्ड्समधली सर्वांत रंजक कथा याच कव्हरची, आणि सर्वांत जास्त फसवणुकीची शक्यताही इथेच.

‘इलिनॉय’चं चित्र दिव्या श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या अमेरिकी चित्रकर्तीने काढलं. शिकागोच्या इमारती, अल कपोन, उडती तबकडी आणि वर आकाशात सुपरमॅन. सुपरमॅन कशासाठी? कारण इलिनॉयमधल्या मेट्रोपोलिस नावाच्या गावाने १९७२ मध्ये स्वतःला सुपरमॅनचं गाव जाहीर केलं होतं. पण सुपरमॅन डीसी कॉमिक्सचा. अल्बम बाहेर पडताना कंपनीच्याच वकिलाने स्वामित्वहक्काचा धोका दाखवला. आधी छापलेल्या सुपरमॅनवाल्या सीडी विकू द्यायला डीसी तयार झाली. पुढच्या सीडींवर सुपरमॅनची जागा मोकळीच राहिली.

रेकॉर्ड आली नोव्हेंबर २००५ मध्ये, पण कव्हरं आधीच छापून झाली होती. मग पहिल्या ५,००० प्रतींवर सुपरमॅनच्या जागी फुग्यांचं स्टिकर चिकटवलं गेलं. लोकांना ते फुगे इतके आवडले की नंतरच्या छपाईत फुगेच चित्राचा भाग झाले.

म्हणजे बाजारात फुगे असलेल्या दोन प्रकारच्या प्रती आहेत: स्टिकरवाली आणि छापील फुग्यांची. किमतीत चांगलाच फरक पडतो. ओळखायचं असं:

कव्हर खिडकीपाशी तिरकं धरा. स्टिकर असेल तर फुग्यांच्या कडेने बारीक उंचवटा दिसतो आणि स्टिकरची चकाकी भोवतालच्या कागदापेक्षा वेगळी असते. नख अलगद फिरवलं तर कड लागते. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे समोरून काढलेला फोटो मागू नका, तो काहीच सांगत नाही. एका बाजूने टॉर्चचा उजेड टाकून काढलेला, फुग्यांचा जवळून फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता तो पाच मिनिटांत पाठवतो. टाळाटाळ झाली तर पुढे चला.

स्टिकरखाली सुपरमॅन आहे हे माहीत असल्यावर ते सोलून पाहायचा मोह होतो. सोलू नका. कागद फाटतो, आणि न सोललेल्या स्टिकरमुळेच त्या प्रतीला मोल आहे.

दशकपूर्तीच्या निमित्ताने, २०१६ मध्ये, कंपनीने खास आवृत्ती काढली. या वेळी कव्हरवर मार्व्हलचा ब्लू मार्व्हल आहे, तबकड्या निळ्या आणि पांढऱ्या. फक्त ऐकायचं असेल तर साधी, काळी, छापील फुग्यांची प्रत घ्या. सहज मिळते, तीच सर्वांत स्वस्त, आणि गाणी तीच. संग्रहात एकच मौल्यवान वस्तू ठेवायची असेल तर स्टिकरवाली. ब्लू मार्व्हलची आवृत्ती त्या दोघींनंतर.

‘इलिनॉय’मधून उरलेल्या गाण्यांचा ‘दी ॲव्हलाँच’ २००६ चा. तो रेकॉर्डवर मात्र बारा वर्षांनी, २०१८ मध्ये आला. त्यामुळे कुणी ‘२००६ ची पहिली रेकॉर्ड’ म्हणून विकत असेल तर तिथेच थांबा.

पाचवी पायरी: पुण्याशी नातं असलेली रेकॉर्ड

मराठी माणसाच्या संग्रहात माझ्या मते सर्वांत आधी असावी अशी सुफ्यानची रेकॉर्ड फारशी कुणाच्या यादीत नसते. ‘दी असेन्शन’च्या आधी, २०२० च्या जुलैमध्ये, ‘अमेरिका’ या गाण्याची बारा इंची सिंगल (एक-दोन गाण्यांचीच रेकॉर्ड) निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला ‘माय रजनीश’ हे दहा मिनिटांहून लांब गाणं आहे. पुण्यातल्या कोरेगाव पार्कात १९७४ पासून आश्रम चालवणारे तेच भगवान रजनीश. १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले, ओरेगनमधल्या अँटेलोप गावाजवळच्या रँचवर त्यांच्या अनुयायांनी रजनीशपुरम वसवलं, १९८५ मध्ये ते कोसळलं, आणि १९८७ मध्ये ते पुण्याला परतले. १९९० मध्ये त्यांचा अंत झाला तोही पुण्यातच.

सुफ्यानला हा विषय का सुचावा याचं उत्तर मला ‘कॅरी अँड लोवेल’मध्ये दिसतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ज्या ओरेगनला आईकडे जायचा, ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, म्हणजे रजनीशपुरमच्याच दिवसांतलं ओरेगन. भगवी-लाल वस्त्रं घातलेली माणसं तिथल्या बातम्यांत रोज असणार. गाण्यात मंत्रासारखी आवर्तनं आहेत, इलेक्ट्रॉनिक ताल आहे आणि पूर्वेकडच्या सुरांचा भास आहे. पुण्यातून पाहिलेले रजनीश आणि या गाण्यातले रजनीश यांत केवढं अंतर आहे, हे ऐकण्यासाठी तरी ही रेकॉर्ड घ्यावी.

हे गाणं ‘दी असेन्शन’ अल्बमवर नाही. अल्बम घेतला म्हणजे हे मिळालं, असं होत नाही. ही सिंगल वेगळीच शोधावी लागते. एका बाजूला एकच गाणं असल्याने खाचांना भरपूर जागा मिळते, बास मोकळा वाजतो. सुफ्यानचं इलेक्ट्रॉनिक अंग रेकॉर्डवर किती चांगलं लागू शकतं ते इथे कळतं. बारा इंची सिंगल ३३ ची आहे की ४५ ची, हे नेहमी लेबलवर वाचूनच लावा.

सहावी पायरी: डिस्कॉग्ज वाचायला शिका

डिस्कॉग्ज ही २००० साली सुरू झालेली रेकॉर्ड्सची सूची आणि बाजारपेठ. तिथे एका अल्बमचं एक मुख्य पान असतं आणि त्याखाली प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान. खरेदी करताना मुख्य पानावरून नव्हे, नेमक्या आवृत्तीच्या पानावरून करायची. तिथे देश, वर्ष, रंग, बारकोड आणि मॅट्रिक्स नंबर दिलेला असतो. मॅट्रिक्स नंबर म्हणजे शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत भागावर कोरलेली अक्षरं. टॉर्च तिरका धरला की वाचता येतात. हा नंबर जुळला तर आवृत्ती बहुधा जुळली. कव्हर बदलता येतं, कोरलेला नंबर बदलता येत नाही.

‘मिशिगन’ घेताना हे विशेष उपयोगी, कारण त्याच्या रेकॉर्डवर सीडीत नसलेली काही गाणी आहेत. गाण्यांची यादी आवृत्तीच्या पानावरच तपासा.

किमतीसाठी विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नका. त्याच पानावर आधी प्रत्यक्ष किती रुपयांना किंवा डॉलरला विकली गेली, ते कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त असं दिलेलं असतं. मधल्या आकड्याच्या फार वर जाऊ नका. अजून छापात असलेल्या अल्बमची ‘दुर्मिळ’ म्हणून दुप्पट किंमत मागणारेही असतात. आधी अस्थमॅटिक किटीच्या स्वतःच्या दुकानात आणि बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर तो अल्बम नवा मिळतो का ते बघा. ‘कॅरी अँड लोवेल’ची २०२५ ची दशकपूर्ती आवृत्ती घेतली तर दोन तबकड्या, सात आधी न आलेली ध्वनिमुद्रणं आणि चाळीस पानांचं पुस्तकही मिळतं. पुस्तकासाठी ती घेण्यासारखी आहे.

वापरलेल्या रेकॉर्डचा दर्जा अक्षरांत लिहितात. ‘मिंट’ म्हणजे कधीही न वाजवलेली, अगदी निर्दोष, ‘निअर मिंट’ म्हणजे जवळजवळ नवी, मग ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस), ‘व्हीजी’ असं खाली. तबकडीचा दर्जा आणि कव्हरचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो, दोन्ही वाचा. आणि इथे पुन्हा दोन गायकांचा हिशेब येतो. ‘सेव्हन स्वान्स’ आणि ‘कॅरी अँड लोवेल’ निअर मिंटच्या खाली घेऊ नका, शांत जागी प्रत्येक चरा ऐकू येतो. ‘दी असेन्शन’ किंवा ‘द एज ऑफ ॲड्झ’ व्हीजी प्लस चालेल. आवाजाच्या त्या गर्दीत हलका टिकटिक आवाज विरून जातो, पैसे वाचतात.

सातवी पायरी: मागवायचं कुठून, आणायचं कसं

मुंबईच्या काळा घोडा भागातलं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्ड्सचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंदी सिनेमाच्या, नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड्स मिळतात, सुफ्यान मिळणार नाही. माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानांत नव्या परदेशी रेकॉर्ड्स येतात. हवी ती प्रत नसेल तर मागवून देतात का, हे विचारावं. थोडे जास्त पैसे गेले तरी कस्टम्सची कटकट दुकानदाराची.

परदेशातून थेट मागवताना कुरिअरचा खर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. एका रेकॉर्डसाठी मागवणं परवडत नाही. मित्रमंडळींसोबत तीन-चार एकत्र मागवाव्यात. विक्रेत्याला पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका. ते खोटं आहे, आणि पार्सल अडकलं तर विम्याचे पैसेही जाऊ शकतात.

सर्वांत चांगला मार्ग बहुतेक मराठी घरांत असतोच: न्यू जर्सीची मावशी, बे एरियातला भाचा, लंडनची मैत्रीण. त्यांच्या पत्त्यावर रेकॉर्ड मागवा आणि येताना आणायला सांगा. त्यांना एवढंच सांगा: रेकॉर्ड हातातल्या बॅगेत, लॅपटॉपच्या कप्प्याला लागून उभी ठेवायची, चेक-इन सामानात नाही. चेक-इनमध्ये टाकावीच लागली तर कपड्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून.

कुरिअरने मागवत असाल तर विक्रेत्याला एक विनंती नक्की करा: तबकडी आतल्या पिशवीसह कव्हरच्या बाहेर, मागे ठेवून पॅक करा. आत असेल तर पार्सल आपटल्यावर तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या बाजू वाजवून पाहा. तक्रारीची मुदत पार्सल पोचल्यापासून मोजतात.

आठवी पायरी: धुणं आणि पावसाळा

नवी रेकॉर्डही आधी कार्बन फायबरच्या ब्रशने पुसा. तबकडी फिरत असताना ब्रश टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या, मग बाहेरच्या बाजूला ओढून उचलायचा. वापरलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरने, मऊ मायक्रोफायबर कापडाने, खाचांच्या दिशेने गोल पुसा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत राहतात. लेबल भिजू देऊ नका.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबरमध्ये कागदी पिशव्यांना आणि कव्हरला बुरशी धरते. आतल्या कागदी पिशव्या काढून पॉलिथिलीनच्या, स्थिर वीज न धरणाऱ्या पिशव्या वापरा. मूळ छापील पिशवी फेकू नका, कव्हरमध्येच वेगळी ठेवा. ‘जॅव्हलिन’सारख्या आवृत्तीत ४८ पानांचं चित्रांचं आणि लेखांचं पुस्तक आहे, तेही दमटपणाने चिकटतं. बाहेरून पीव्हीसीचं कव्हर टाळा. वर्षानुवर्षं लागून राहिलं तर त्याची वाफ तबकडीवर ढगाळ डाग सोडते.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको, मागे चार बोटं हवा खेळू द्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण पावसाळ्यात महिन्याला बदला. मे महिन्यात रेकॉर्ड बंद गाडीत ठेवून भाजी आणायला जाऊ नका, परत येईपर्यंत ती वाकलेली असेल.

शेवटचं काम डिस्कॉग्जवरच: घेतलेली प्रत्येक रेकॉर्ड नेमक्या आवृत्तीसह आपल्या खात्यातल्या संग्रहात नोंदवा. दर्जा, कुठून घेतली आणि किती पैसे दिले, तेही लिहा. यादी हजाराची असो वा सातांची, विमा काढताना, घर बदलताना किंवा पुढे कधी विकायची वेळ आली तर हीच नोंद उपयोगी पडते.